बाहेरचं जेवण, आतलं टेबल

वणीत ‘हॉटेल’ या शब्दाचा मुक्कामाशी संबंध नाही. मुक्कामाला लॉज असतो. हॉटेल म्हणजे दारात पेटलेली भट्टी, कढईत फुगणारे आलुबोंडे, काचेच्या कपाटात शेव-चिवडा आणि उकळून उकळून काळपट झालेला चहा. जुनी माणसं त्याला ‘हाटेल’ म्हणतात. तिथे माणूस भूक लागली म्हणून जातो, नाहीतर तहसीलमधलं काम व्हायला अजून तासभर आहे म्हणून.

‘रेस्टॉरंट’ हा शब्द गावात बराच उशिरा आला. येताना त्याने एसी आणला, जाड पुठ्ठ्याचं मेनूकार्ड आणलं, ग्लासात खोचलेला नॅपकिन आणला आणि शनिवार आणला. रेस्टॉरंटमध्ये आपण भूक लागली म्हणून जात नाही, शनिवार आहे म्हणून जातो. रात्री आठला गावाबाहेरच्या रस्त्यावर अशा एखाद्या जागी डोकावून बघा. एका टेबलावर पोराचा वाढदिवस चालू असतो, केकवरची मेणबत्ती एसीच्या वाऱ्याने विझत असते. दुसऱ्यावर खाणीतले चार अधिकारी, तिसऱ्यावर सोन्याच्या दुकानवाल्याचं अख्खं कुटुंब, चौथ्यावर नुकतं लग्न झालेलं जोडपं. टेबलांमध्ये जेमतेम तीन फुटांचं अंतर असतं. कोण कुठल्या घरचा, कुठल्या मोहल्ल्यातला, हे कोणी विचारत नाही. ज्या ताटात काल कोणी जेवलं ते धुऊन आज आपल्यासमोर येतं आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही.

हे ‘काही न वाटणं’ फार जुनं नाही. त्याचा इतिहास पनीर टिक्क्यापासून सुरू करता येत नाही. कोण कोणाशेजारी बसून जेवू शकतं, इथून सुरू करावा लागतो.

पंगत आणि टेबल

रेस्टॉरंट ही पॅरिसची देणगी. १७६० च्या दशकात तिथे ‘रेस्टॉरंट’ हे जागेचं नाव नव्हतं, एका सूपचं होतं. अशक्त माणसाला ताकद भरून देणारं मांसाचं कढण म्हणजे रेस्टॉरंट. ते विकणाऱ्या दुकानांनी हळूहळू काही नव्या गोष्टी केल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं छोटं टेबल दिलं, पदार्थ आणि किमती लिहिलेला कागद हातात दिला, आणि ‘हव्या त्या वेळी या, खाल तेवढ्याचेच पैसे द्या’ अशी सोय केली. त्याआधी युरोपातल्या खाणावळीत सगळ्यांनी एकाच लांब टेबलावर, ठरलेल्या वेळी, शिजलं असेल ते खायचं असे. रेस्टॉरंटने माणसाला चारचौघांत बसून एकट्याने जेवायला शिकवलं.

आपल्याकडे जेवणाचा आकार पंगतीचा होता. पंगतीत सगळ्यांना वाढणं एकच. वरण-भात सगळ्यांना, बुंदी सगळ्यांना. पण पंगतीत कोण बसणार, पहिल्या पंगतीला कोण, शेवटच्या पंगतीला कोण, मांडवाबाहेर कोण आणि उरलेलं कोणाच्या वाट्याला, हे आधीच ठरलेलं. बायका सगळ्यांचं झाल्यावर.

मराठीत यासाठी एक नेमका जोडशब्द आहे: रोटीबेटी व्यवहार. ज्याच्या हातचं खातो तो रोटीव्यवहार, ज्याच्या घरी मुलगी देतो तो बेटीव्यवहार. जातीची सीमा या दोन खुंट्यांवर ताणलेली होती. हा जोडशब्द लक्षात ठेवा. हॉटेलचा सगळा इतिहास म्हणजे यातली पहिली खुंटी कशी उपटली गेली त्याची गोष्ट आहे.

रोटीव्यवहार एवढा कडक असेल तर प्रवासात खायचं काय? उत्तर दोन. शिदोरी, नाहीतर धर्मशाळा. धर्मशाळेत जेवण मिळत नसे. तीन दगडांची चूल मांडायची, आपल्या भांड्यात आपलं आपण शिजवायचं. आणि धर्मशाळेचं दारही सगळ्यांना उघडं नसे. म्हणून तर गाडगेबाबांना पंढरपुरात वेगळी चोखामेळा धर्मशाळा बांधावी लागली.

१९०१ सालची एक हकीकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. साताऱ्याहून भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांकडे निघाले होते. मसूर स्टेशनावर उतरले, वडिलांना पत्र मिळालेलं नव्हतं, न्यायला कोणी आलं नाही. ही मुलं महार आहेत हे कळल्यावर बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. सोबत डबा होता. डब्यात भरपूर जेवण होतं. पण प्यायला पाणी कोणी देईना, आणि पाण्यावाचून घास उतरेना. डबा भरलेला ठेवून पोरं उपाशी झोपली.

खिशात पैसे असूनही बाहेर जेवता येत नाही याचा अर्थ काय असतो, तो या गोष्टीत आहे.

एक कप चहा

रोटीव्यवहाराला पहिला मोठा धक्का भाकरीने दिला नाही, चहाने दिला. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले त्यांत होते. व्याख्यानानंतर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कप हातात धरला, काहींनी हातही लावला नाही. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असणाऱ्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुणं पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून सुधारक मित्रांचाही रोष ओढवून घेतला.

हायकोर्टाचा न्यायाधीश होणारा माणूस एका कपाबद्दल प्रायश्चित्त घेतो. तेव्हाच्या पुण्यात आज आपण शनिवारी जे करतो ते करणाऱ्याचं काय झालं असतं, याचा अंदाज यावरून यावा.

याच कपाची दुसरी गोष्ट कोल्हापूरची. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या सेवेतले महार समाजातले गृहस्थ. हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना इतर नोकरांनी मारलं. शाहू महाराजांना हे कळलं, तेव्हा मारणाऱ्यांना शिक्षा झालीच, पण महाराजांनी गंगाराम यांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. त्यांनी हॉटेल काढलं. नाव ठेवलं ‘सत्यसुधारक’. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण गिऱ्हाईक कुठून येणार? मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवू लागले. गंगारामांच्या हातचा चहा मागवायचा, आपण प्यायचा आणि सोबतच्या उच्चवर्णीय अधिकाऱ्यांनाही द्यायचा. राजाने दिलेला कप नाकारायचा कसा?

या गोष्टीत चहाची किंमत दोन पैसे असेल, पण तो विकायला एक छत्रपती लागला. वटहुकूम काढणं राजाला सोपं असतं. महाराजांना कळलं होतं की वटहुकमाने माणूस कप तोंडाला लावत नाही. कोणीतरी आधी लावून दाखवावा लागतो.

अनोळखी माणसांचं शहर

बाकीचं काम गिरण्यांनी आणि रेल्वेने केलं. शहरात बाहेरची माणसं हजारोंनी आली, त्यांची घरं गावाकडे राहिली, आणि प्रश्न उभा राहिला: हे सगळे जेवणार कुठे?

मुंबईच्या गिरणगावात उत्तर होतं खानावळ. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपायचा आणि महिन्याच्या बोलीवर खानावळीत जेवायचा. या खानावळी मोठ्या संख्येने बायकांनी चालवल्या. दोन वेळचा स्वयंपाक, बारा-पंधरा पानं, सावकाराचं व्याज. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. घराबाहेरच्या जेवणाच्या या इतिहासात बाई टेबलावर बसण्याच्या कितीतरी आधी चुलीपाशी बसलेली आहे.

दुसरीकडे इराणी होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणहून आलेल्या लोकांनी मुंबई-पुण्यात रस्त्यांच्या कोपऱ्यांवर दुकानं टाकली. मुंबईचं कयानी १९०४ सालचं. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्ची, ब्रून-मस्का आणि चहा. इराणी माणूस आपल्या जातीच्या उतरंडीत कुठेच बसत नव्हता, म्हणून त्याच्याकडे सगळ्यांना बसता आलं. तिसरीकडे आपली माणसं होती. दादरला मामा काणे यांचं ‘स्वच्छ उपाहारगृह’ १९१० पासून आहे. माटुंग्याला रामा नायक यांनी १९४२ मध्ये उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं. ‘स्वच्छ’ हा शब्द त्या काळी दुहेरी काम करायचा. एक अर्थ धुतलेली भांडी, आणि दुसरा अर्थ, न सांगताही कळणारा, स्वयंपाक करणाऱ्याचा हात कोणाचा. सोवळ्यात वाढलेल्या माणसाला घराबाहेर पहिला घास घ्यायला एवढा दिलासा पुरेसा होता. एकदा आत बसला की शेजारच्या टेबलावर कोण आहे हे त्याला विचारता येत नसे.

पैशाने जे केलं ते कीर्तनाने झालं नव्हतं. गल्ल्यावरच्या माणसाला आडनावापेक्षा नाणं महत्त्वाचं होतं. पण हे शहरात. गावात गल्ल्यावरचा माणूस आडनाव ओळखत होता.

कलम १५ आणि खिळ्यावरचा कप

१९४८ च्या २९ नोव्हेंबरला संविधान सभेत भेदभावबंदीच्या कलमावर चर्चा झाली. आज ते कलम १५ आहे. त्यात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांचा नाव घेऊन उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही तिथे अडवता येणार नाही. चर्चेत एका सदस्याने विचारलं, ‘दुकान’ या शब्दात लाँड्री आणि केशकर्तनालय येतं का? डॉ. आंबेडकरांनी सांगितलं की शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. येणाऱ्या कोणालाही मोबदला घेऊन सेवा द्यायला जो बसला आहे, तो सगळा त्यात आला.

देशाच्या मूलभूत हक्कांच्या यादीत उपाहारगृह कशाला, असं वाटू शकतं. मसूरहून निघालेल्या वाटेवर भरला डबा घेऊन उपाशी झोपलेल्या माणसाला तसं वाटलं नसणार.

तुलनेसाठी अमेरिका घ्या. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ दुकानातल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले. त्यांना वाढायला नकार मिळाला, ते उठले नाहीत. उपाहारगृहातला वर्णभेद देशभर बेकायदा ठरवणारा कायदा तिथे १९६४ मध्ये झाला. आपल्याकडे तो हक्क १९५० पासून संविधानात आहे, आणि १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात तर उपाहारगृहातली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा म्हणून लिहिला आहे. १९७६ मध्ये त्याच कायद्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं.

भांडी हा शब्द कायद्यात का लागला, हे मला घरात कळलं. माझे आजोबा खाणीत मजूर होते. त्यांच्या गावच्या हाटेलात आमच्या लोकांसाठीचे कप बाहेर, कुडाला ठोकलेल्या खिळ्यांवर टांगलेले असत. चहा वरून ओतला जाई. ‘पेऊन झालं का आपल्या हातानंच धुवाचा अन् खिळ्याले टांगाचा,’ असं ते सांगत, हवामान सांगावं तशा आवाजात. कायदा होऊन वीस वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. हे गाव काही जगावेगळं नव्हतं. महाराष्ट्रातल्या दलित आत्मकथनांत असा वेगळा कप पुन्हा पुन्हा भेटतो.

माझे बाबा खाणीतच इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले. ते आत बसून चहा पिणाऱ्या पिढीतले. पण अजूनही चहा झाला की ते कप उचलून स्वतः मोरीपाशी नेऊन ठेवतात. मागच्या दिवाळीत आम्ही चौघं गावातल्या एका चांगल्या रेस्टॉरंटमध्ये जेवलो. जेवण झाल्यावर बाबांनी सगळ्यांची ताटं एकात एक रचली, खरकटं एका ताटात काढलं, चमचे एका बाजूला लावले. वेटर धावत आला. ‘राहू द्या काका, मी उचलतो.’ बाबा म्हणाले, ‘तुलेच सोपं जाते.’ आई दुसरीकडे बघत होती. बिल १,८४० रुपये झालं. लांब धाग्याच्या कापसाचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे आमचं एक जेवण साडेचोवीस किलो कापसाचं. आमच्याकडे सगळ्या गोष्टी अजून कापसात मोजल्या की नीट कळतात.

वणीत टेबल कसं आलं

वणी हे काही नवं गाव नाही. इंग्रजांच्या कागदपत्रांत आपला जिल्हाच ‘वुन’ नावाने होता. १९०५ साली त्याचं नाव यवतमाळ झालं. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म इथलाच, १८८० चा. पण अनोळखी माणसांचं गाव ते कोळशाने झालं. वर्धा नदीच्या खोऱ्यातला हा कोळसा इंग्रजांना आधीच सापडला होता. पलीकडे वरोऱ्याला १८७० च्या दशकात खाण सुरू झाली होती. १९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स आली, आणि पुढे नीलजई, उकणी, मुंगोली, कोलगाव अशा उघड्या खाणींनी भोवतालची शेतं खोल होत गेली.

खाणीबरोबर तेलंगणातून, छत्तीसगडमधून, बिहार-उत्तर प्रदेशातून माणसं आली. ट्रक आले, ट्रकसोबत ढाबे आले. जमीन गेली त्यांना मोबदला आला. कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी आहे. महिन्याच्या पगाराने गावाला महिना शिकवला, आणि महिन्याने शनिवार शिकवला. शेतकऱ्याच्या पैशाला हंगाम असतो, पगाराला वीकेंड असतो. शेती करणारं घर बाहेर जेवायचं ते रंगनाथ स्वामींच्या जत्रेत नाहीतर बाजारच्या दिवशी. पगारदार घर दर आठवड्याला जेवू शकतं.

मग एक विचित्र धक्का बाहेरून आला. वर्ध्यात दारूबंदी सत्तरच्या दशकापासून होती, १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरातही झाली, आणि ती २०२१ पर्यंत राहिली. आपला जिल्हा नदीच्या अलीकडचा. शनिवारी संध्याकाळी पुलावरून कोणत्या बाजूला जास्त गाड्या येत, हे वणीतल्या कोणालाही विचारा. बारमालकांनी पाठीमागच्या मोकळ्या जागेत लॉन लावलं, कारंजं लावलं, झाडांना दिव्यांच्या माळा घातल्या, आणि बाजूला काचेचा एसी हॉल काढून वर लिहिलं: ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’.

मेनूकार्ड बघा. तंदूर फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या निर्वासितांनी दर्यागंजच्या ‘मोती महल’मधून देशभर नेला. मंचुरियन मुंबईत १९७० च्या दशकात जन्मलं, चीनने ते बघितलेलंही नाही. मग काजू करी, मंचाऊ सूप, बटर नान. नाही ती ज्वारीची भाकर. नाही पाटोडी रस्सा, नाहीत रोडगे, नाही गोळाभात. चांगल्या रेस्टॉरंटची आपल्याकडची व्याख्या अशी झाली की घरी होतं ते तिथे नसावं. याला नुसता न्यूनगंड म्हणणं मला पटत नाही. घरच्या पदार्थाला घराचा वास असतो, आणि त्या वासाला जात चिकटलेली असते. कोणाच्या रश्श्यात काय पडतं, कोणाचं तिखट कसलं, हे गावात सगळ्यांना माहीत. नागपूरचा सावजी रस्सा हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातून आला हे नागपुरात अजून सांगितलं जातं. पनीर बटर मसाला कोणाच्याच आजीचा नाही. तो सगळ्यांना सारखाच परका आहे, म्हणून त्याच्याभोवती सगळे बसू शकतात. वणीच्या टेबलावर त्याने इराण्याच्या चहाचं काम केलं.

‘फॅमिली’ म्हणजे कोण

आता त्या पाटीकडे परत येऊ. ‘फॅमिली रूम’ जुनी आहे. मुंबईच्या इराण्यांकडेही पडदा लावलेले कप्पे असत, बायकांना सोबतच्या पुरुषासह बसता यावं म्हणून. परमिट रूम हा शब्दही जुना. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात पिणाऱ्याला परवाना लागे, तिथून तो आला. पिणाऱ्याचा परवाना कागदाचा होता. बाईचा परवाना म्हणजे सोबतचा पुरुष.

माझी मामेबहीण वणीतल्या कॉलेजात शिकते. परीक्षा संपल्यावर ती आणि तिच्या तीन मैत्रिणी एका रेस्टॉरंटमध्ये गेल्या. मॅनेजरने नम्रपणे विचारलं, ‘सोबत कोणी येणार आहे का?’ त्या म्हणाल्या, ‘आम्ही चौघी आहोत ना.’ तो गोंधळला, मग त्याने त्यांना फॅमिली हॉलमध्ये सगळ्यात आतलं टेबल दिलं. ‘तुमच्यासाठीच म्हणतो,’ हेही सांगितलं. कलम १५ मध्ये जातीच्या पुढचाच शब्द ‘लिंग’ आहे. त्याला कोणी अडवलं नाही, फक्त आत ढकललं.

हा प्रश्न त्यांच्या सुरक्षेचा आहे असं आपण म्हणतो. इतिहास बघितला तर तो बेटीव्यवहाराचा दिसतो. पोरीने कोणाशेजारी बसावं, कोणाच्या नजरेत यावं, याची राखण. रोटीची खुंटी हॉटेलवाल्याने उपटली. बेटीच्या खुंटीला त्याने पडदा लावला, पुढे काच लावली.

आंबेडकरांना हे नव्वद वर्षांपूर्वी दिसलं होतं. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना भाषणाला बोलावलं आणि मजकूर वाचून ते भाषण रद्द केलं. मग त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात त्यांनी म्हटलं आहे की सहभोजनाने जात मोडत नाही. एकमेकांकडे जेवणाऱ्या जाती आहेत आणि तरी त्यांच्यातली जात शाबूत आहे. खरा उपाय आंतरजातीय लग्न. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्याकडे जुनी सिस्टीम ‘नवी’ करताना पुष्कळदा फक्त समोरचा स्क्रीन बदलतात. रंग नवे, बटणं नवी, आतला डेटाबेस तोच. एका टेबलावर जेवणं हा समोरचा स्क्रीन होता. बदलला हे चांगलंच झालं. माझ्या आजोबांना विचाराल तर तोही लहान बदल नव्हता.

डेटाबेस बघायचा असेल तर त्याच रेस्टॉरंटचा जिना चढा. वरच्या मजल्यावर पार्टी हॉल असतो. शनिवारी-रविवारी तिथे साखरपुडे होतात. दाराशी दोन आडनावांचा फलक असतो, आणि वणीत राहणारा कोणीही तो वाचून दोन्ही घरं कुठल्या समाजाची ते सांगू शकतो, कारण बहुतेक वेळा ती एकाच समाजाची असतात. वर-खाली किचन एकच, तंदूर एकच, वाढणारी पोरंही तीच. खालच्या मजल्यावर रोटीव्यवहार, वरच्या मजल्यावर बेटीव्यवहार.

पण खालच्या मजल्यावर एक टेबल मी बरेचदा बघतो. कोपऱ्यातलं, उंच पाठीच्या सोफ्याचं, खांबाआडचं. वणीसारख्या गावात दोन तरुण माणसांना तासभर बोलत बसायला जागा नाही. बागेत ओळखीचे भेटतात, बस स्टँडवर काका भेटतात, कॉलेजच्या फाटकाशी तर सगळेच. रेस्टॉरंटमध्ये दीडशे रुपयांचं सूप मागवलं की पाऊण तास कोणी उठवत नाही. वेटरला माहीत असतं, तो बिल आणायला मुद्दाम उशीर करतो. शाहू महाराजांनी गाडी थांबवून जी गोष्ट करून दाखवली तिचं हे पुढचं पाऊल असेल, तर ते याच टेबलावर पडतंय. इथे कोणी छत्रपती सोबतीला नाही.

त्यांच्यापुढे एक स्टार्टर असतो, दोघांत मिळून. एकाच ताटातून खातात, त्यात कोणाला काही वेगळं वाटत नाही. मग फोन वाजतो, ती घाईने पर्स उचलते. आधी ती बाहेर पडते. तो बिलासाठी बसून राहतो, आणि बिल दिल्यावरही दहा मिनिटं उठत नाही.